जुना गेम परत बंद पडला? आधी नक्की काय मेलंय ते शोधा

दर दिवाळीच्या सुट्टीत मला एक फोन ठरलेला असतो. सांगलीहून मावसभाऊ विचारतो, "दादा, आयजीआय परत चालत नाहीये. बघ ना जरा." मागच्या दिवाळीत मीच चालू करून दिलेला असतो. मधल्या काळात लॅपटॉप बदललेला असतो, नाहीतर विंडोजचं मोठं अपडेट येऊन गेलेलं असतं, नाहीतर पोराने 'जागा पुरत नाही' म्हणून काहीतरी पुसलेलं असतं. तक्रार तीच, कारण दरवेळी वेगळं. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून काढलंय.

आयजीआय हा बंदूकबाजीचा गेम २००० साली आला. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजने तो बनवला आणि आयडॉसने विकला. पुढे २००९ मध्ये आयडॉसच स्क्वेअर एनिक्सच्या पोटात गेली. विंडोज ११ वर काळा पडदा दिसतोय म्हणून तक्रार करायला आज कुणी उरलेलं नाही. जी काही दुरुस्ती करायची ती आपणच.

आणि इथे बहुतेक जण आजार रेड्याला, औषध पखालीला असं करतात. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'विंडोज एक्सपी'वर टिक, आणि मग हात जोडून बसायचं. कधी चालतो, बहुतेक वेळा नाही. कारण गेम बंद पडतो तेव्हा चारांपैकी एखादी गोष्ट मेलेली असते: पडद्यावर चित्र काढायची जुनी पद्धत, सीडीवरचं कुलूप, परवाना तपासणारा सर्व्हर, किंवा खुद्द खेळ ज्याच्या जिवावर चालायचा तो सर्व्हर. पहिल्या तिन्हींचा घरबसल्या बंदोबस्त होऊ शकतो. चौथ्याचं तसं नाही, त्याच्याकडे शेवटी येतो.

निदान, पाच मिनिटांचं

इंटरनेट बंद करा आणि गेम सुरू करा. मग इंटरनेट चालू करून पुन्हा सुरू करा. दोन्ही वेळा अगदी सारखाच पडला, तर भानगड तुमच्या मशीनवरच आहे. संदेश बदलला, किंवा इंटरनेट असताना बराच वेळ 'कनेक्टिंग' दाखवून मग पडला, तर कुठल्यातरी सर्व्हरला हाका मारणं चाललंय.

मशीनवरची भानगड असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यात विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. गेम पडला त्या मिनिटाची लाल खुणेची नोंद सापडेल आणि तिच्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एका फाइलचं नाव असेल. डीड्रॉ किंवा डी३डी असं काही असेल तर चित्राचा प्रश्न. एक्सलाइव्ह असेल तर परवान्याचा. हे नाव न बघता यूट्यूबवरचे दहा उपाय करून बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्या मशीनवर मूळ बिघाड राहतो बाजूला, आधी ते दहा उपाय निस्तरावे लागतात.

'अमुक डीएलएल सापडत नाही'

सगळ्यात सोपा प्रकार, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. डीएलएल म्हणजे गेमला चालताना लागणारी जोडफाइल. डीथ्रीडीएक्स९ अशा नावाची फाइल नाही, असा संदेश येतो. गेमना चित्र-आवाज काढून देणारं डायरेक्टएक्स विंडोजमध्ये १२ नंबरचं आहे म्हणजे ९ चं सगळं असणारच, असं आपल्याला वाटतं. पण ९ च्या या जोडफाइली विंडोजसोबत येत नाहीत. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स नावाचं पॅकेज बसवा. २००५ ते २०१० च्या दरम्यानच्या बहुतेक गेमांचं तेवढ्यात काम होतं. गेमच्या सीडीवर किंवा फोल्डरात 'रीडिस्ट' असं काही असेल तर तिथेही ते सापडतं.

सुटी डीएलएल देणाऱ्या साइटवरून एकेक फाइल उतरवून घेऊ नका. एक फाइल दिली की गेम दुसरी मागतो, दुसरी दिली की तिसरी, आणि चौथीसोबत काय घरात शिरेल याचा भरवसा नाही.

काळा पडदा, जांभळं गवत, फडफडणारा मेनू

विंडोज ७ वर जुना एज ऑफ एम्पायर्स दोन खेळलेल्यांना आठवत असेल, गवत जांभळं आणि पाणी भलत्याच रंगाचं दिसायचं. तो गेम १९९९ चा. त्या काळचे गेम पडद्याला सांगायचे, 'मी फक्त हे २५६ रंग वापरणार.' पुढच्या विंडोजमध्ये तीच रंगपेटी डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोररही मागायचा आणि दोघांच्या ओढाताणीत गवताचा रंग जायचा. तेव्हा आम्ही टास्क मॅनेजरातून एक्सप्लोररच बंद करून टाकायचो, डेस्कटॉप गायब, आणि मग गेम. उपाय रानटी होता, पण चालायचा.

आता त्याची गरज नाही. डीजीव्हूडू२ नावाचं फुकट साधन आहे. जुना गेम डायरेक्टड्रॉच्या किंवा जुन्या डायरेक्ट३डीच्या भाषेत जे बोलतो ते आजच्या ग्राफिक्स कार्डाला कळेल अशा भाषेत सांगणारा तो दुभाषा. वापरायची रीत साधी: त्याच्या झिपमधल्या ठरावीक डीएलएल गेमच्या फोल्डरात, गेमच्या ईएक्सईच्या शेजारी ठेवायच्या. २००० च्या आसपासचा गेम असेल तर डीड्रॉ आणि डी३डीआयएमएम या दोन. त्यानंतरच्या एकदोन वर्षांतला असेल तर डी३डी८.

पण दहातले आठ जण इथे एकच चूक करतात. झिपमध्ये एक्स८६ आणि एक्स६४ असे वेगळे फोल्डर असतात. 'माझं विंडोज ६४ बिटी आहे' म्हणून लोक एक्स६४ मधल्या फाइली उचलतात. तसं नाही. बघायचं ते गेमकडे. पंचवीस वर्षांपूर्वीचा गेम ३२ बिटी असतो, त्याला एक्स८६ मधल्याच फाइली लागतात.

फाइली लागू पडल्या का हे ओळखायची खूण: गेम सुरू झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात डीजीव्हूडूचा छाप दिसतो. दिसला तर दुभाषा कामाला लागलाय, मग सेटिंगमध्ये जाऊन तो छाप बंद करून टाका. नाही दिसला तर फाइली चुकीच्या फोल्डरात आहेत किंवा चुकीच्या प्रकारच्या आहेत. रिझोल्यूशनशी खेळायच्या आधी हे बघून घ्या.

दुरुस्त केलेला गेम परत का पडतो

माझ्या भावाचा खरा प्रश्न हा आहे.

एक कारण म्हणजे अँटिव्हायरस. गेमच्या फोल्डरात विंडोजच्याच नावाची परकी डीएलएल ठेवणं हे व्हायरसचंही आवडतं काम असल्यामुळे विंडोजचा डिफेंडर कधीतरी ती उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. तुम्हाला फक्त एवढंच कळतं की कालपर्यंत चालणारा गेम आज काळा. दुसरं, स्टीमसारख्या दुकानातून घेतलेला गेम असेल आणि कुणी 'फाइली तपासा' दाबलं, की गेमच्या ज्या मूळ फाइली तुम्ही बदलल्या त्या पुन्हा जशाच्या तशा होतात.

तिसरं कारण मला स्वतःला दोन वर्षं कळलं नव्हतं. जुने गेम आपले सेव्ह आणि सेटिंग स्वतःच्याच फोल्डरात लिहितात. पण व्हिस्टापासून विंडोज प्रोग्राम फाइल्समध्ये कुणालाही असं लिहू देत नाही. मात्र 'नाही' असं तोंडावर न म्हणता ती फाइल गुपचूप दुसरीकडे नेऊन ठेवतं: तुमच्या यूजर फोल्डरात, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. गेमला वाटतं आपण लिहिलं. मग एखाद्या दिवशी कुणाच्यातरी सांगण्यावरून तुम्ही गेम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करता. आता तो खऱ्या फोल्डरात बघतो आणि तिथे काहीच नसतं. 'सेव्ह उडाले!' उडालेले नाहीत, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये बसलेत. तिथून उचला आणि गेमच्या फोल्डरात आणून ठेवा. आणि पुढच्या वेळी गेम सी ड्राइव्हवरच, पण प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, 'गेम्स' असा साधा फोल्डर करून त्यात बसवा. एवढ्या एका सवयीने माझे निम्मे फोन कमी झाले.

चौथं कारण मात्र विंडोजच्या अपडेटचं, आणि त्यावर एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर जीटीए सॅन अँड्रियाजमधलं स्किमर हे पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं. गेम २००५ पासून पीसीवर आहे आणि विमान तेव्हापासून व्यवस्थित उडत होतं. लोकांनी अर्थातच मायक्रोसॉफ्टच्या नावाने बोटं मोडली. सायलेंटपॅच नावाची दुरुस्ती बनवणाऱ्या माणसाने २०२५ मध्ये मुळाशी जाऊन शोधलं. त्याच मालिकेतल्या आधीच्या व्हाइस सिटीमध्ये स्किमरची नोंद होडी म्हणून होती, आणि होडीला चाकं कुठली! सॅन अँड्रियाजमध्ये ते विमान झालं, पण चाकांच्या मापाचे आकडे त्याच्या ओळीत लिहायचे राहूनच गेले. गेम तो आकडा वाचायला जायचा आणि त्याला आधीच्या गाडीचा, मेमरीत पडून राहिलेला आकडा मिळायचा. उष्ट्यावर वीस वर्षं निभावलं. नव्या विंडोजने मेमरीतली तेवढी जागा दुसऱ्या कामाला वापरली आणि उष्टं संपलं.

तर अपडेटनंतर गेम पडला की अपडेट मागे घेऊ नका, सुरक्षेचे दरवाजे उघडे पडतात. त्या गेमची चाहत्यांनी केलेली दुरुस्ती आली का ते पीसीगेमिंगविकीवर बघा. सॅन अँड्रियाज आणि व्हाइस सिटीसाठी सायलेंटपॅच आधी टाका, बाकीचं नंतर.

गेम वाऱ्यासारखा पळतो

वेग फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात त्याला, बांधलेला असतो, आणि आजचं मशीन तिप्पट-चौपट फ्रेम काढतं. सॅन अँड्रियाजमध्ये फ्रेम लिमिटर बंद केला की पोहण्यापासून गाड्यांपर्यंत सगळं विचित्र वागायला लागतं, चालूच ठेवा. लिमिटर नसलेल्या गेमला रिवाट्यूनर या साधनातून किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून ३० किंवा ६० ची वेसण घाला. कॉम्प्युटर क्लासात सर बाहेर गेले की खेळायचो ते प्रिन्स ऑफ पर्शिया आणि डेव्ह विंडोजच्या आधीच्या डॉसचे आहेत, त्यांना डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स लागतो. तिथे कंट्रोल-एफ११ ने वेग उतरतो आणि कंट्रोल-एफ१२ ने चढतो.

सीडी आहे, पण गेम तिला ओळखत नाही

ओरिजिनल सीडी विकत घेणाऱ्यालाच शिक्षा, असा हा प्रकार. लॅमिंग्टन रोडवर पन्नास रुपयांत 'पाच गेम एका सीडीत' घेतलेल्यांना हा त्रास कधी झाला नाही.

त्या काळच्या अनेक सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. ते उघडायला विंडोजच्या अगदी गाभ्यात बसणारा एक ड्रायव्हर लागायचा. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक होतं. गाभ्यात बसलेल्या गोष्टीला भोक म्हणजे चोराच्या हाती अख्ख्या घराची किल्ली. म्हणून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये तो घेतलाच नाही आणि त्याच सप्टेंबरात जुन्या विंडोजवरही अपडेट देऊन बंद केला. निर्णय बरोबरच होता. पण कपाटातल्या सीड्या एका रात्रीत मुक्या झाल्या.

तो जुना ड्रायव्हर शोधून बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेफडिस्कशिम म्हणून एक साधन आहे, ते ड्रायव्हरचं काम ड्रायव्हरशिवाय करून देतं. सीडी मात्र ड्राइव्हमध्ये खरीच लागते. नाहीतर गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर तोच गेम कुलूप नसलेल्या रूपात आहे का बघा. दोनतीनशे रुपयांत सेलमध्ये मिळाला तर एक शनिवार वाचतो.

सीडी टाकल्यावर गेमआधी इन्स्टॉलरच पडत असेल तर कारण निराळं. नव्वदच्या दशकात गेम ३२ बिटी, पण इन्स्टॉलर १६ बिटी, अशा जोड्या खूप होत्या, आणि ६४ बिटी विंडोज १६ बिटी काहीच चालवत नाही. ओटीव्हीडीएम नावाचं साधन वापरून इन्स्टॉलर चालवता येतो.

सीडीची प्रत काढून ठेवत असाल तर एक सांगतो. साध्या आयएसओमध्ये फक्त डेटा येतो. १९९६ च्या क्वेकसारख्या गेमांचं संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं वेगळं असतं, ते आयएसओत येत नाही. गेम चालतो, पण मुका. त्यासाठी बिन आणि क्यू अशा जोडीतली प्रत काढा.

कायद्याचं विचारणारे असतातच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(कक), इंग्रजी पाठात डबल ए, आहे. ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून बॅकअप काढायची मुभा ते देतं. 'अबॅन्डनवेअर' हा शब्द मात्र कायद्यात कुठेच नाही. कंपनीने विकणं बंद केलं म्हणून हक्क संपत नाही.

परवाना तपासणारं दुकानच उठलं

२००८ चा जीटीए चार घ्या. त्याला मायक्रोसॉफ्टच्या 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह'चं लॉगिन लागायचं. ती सेवा मोडकळीला आली, आणि जानेवारी २०२० मध्ये तर नव्या किल्ल्या मिळेनात म्हणून गेमच स्टीमवरून काढावा लागला. दोन महिन्यांनी परत आला तो लाइव्हशिवाय, आणि मल्टिप्लेयरशिवायही. फॉलआउट तीनमधूनही २०२१ मध्ये ते काढून टाकलं. तेव्हा एक्सलाइव्हचा, म्हणजे त्या सेवेच्या फाइलीचा, संदेश दिसला की आधी प्रकाशकाचं शेवटचं अपडेट आहे का ते बघा. नसेल तरच एक्सलाइव्हलेस ही तिच्या जागी ठेवायची चाहत्यांची फाइल.

मित्र दिसत नाहीत

गेम चालतो, पण ऑनलाइन यादी रिकामी. २०१४ च्या मेअखेरीस गेमस्पाय बंद झालं आणि त्याच्यावर विसंबलेले कितीतरी गेम एकाच वेळी आंधळे झाले. आंधळेच, मेलेले नव्हे. गेमस्पाय बऱ्याच ठिकाणी फक्त पत्ते सांगायचं काम करायचं. सामना खेळाडूंच्या मशीनवरच व्हायचा. ओपनस्पायसारख्या चाहत्यांच्या सेवेने तोच पत्तेवाला पुन्हा उभा केलाय. मूळ कंपनी एपिकने जानेवारी २०२३ मध्ये अनरियल टूर्नामेंटचा पत्तेवाला बंद केला, तरी ओल्डअनरियल या चाहत्यांच्या गटाचा ४६९ पॅच टाकला की आजही सामने दिसतात. कारण सर्व्हर चालवायचा प्रोग्राम त्या गेमसोबत पहिल्यापासूनच दिलेला होता.

मित्रामित्रांतच खेळायचं असेल तर गेममधला 'लॅन', म्हणजे एकाच घरगुती जाळ्यातल्या मशीनांनी खेळायचा, पर्याय सोन्याचा. तो असेल तर कंपनी असो नसो. लांबच्या मित्राला जोडायला पूर्वी राउटरवर पोर्ट उघडायचो. आता आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर ते चालत नाही, कितीही उघडा. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुमचा पत्ता तुमचा एकट्याचा नाही. कंपनीने शेकडो घरं एका पत्त्यामागे बसवलीत. याला सीजीनॅट म्हणतात, आणि बाहेरचा माणूस थेट तुमच्या दाराशी येऊच शकत नाही. झीरोटियर किंवा रॅडमिन व्हीपीएन वापरा, सगळ्यांना एका खोट्या लॅनमध्ये बसवा. त्याच जातीचं टेलस्केल छान आहे, पण या कामाला नको: जुने गेम 'कुणी आहे का?' अशी सगळ्यांना एकदम हाक मारून एकमेकांना शोधतात, आणि ती हाक त्यातून पलीकडे जात नाही. जुन्या एज ऑफ एम्पायर्सला वर डायरेक्टप्ले हा विंडोजचा जुना भागही लागतो. 'विंडोज फीचर्स'मध्ये लेगसी कंपोनंट्सखाली टिक करा.

आणि चौथा प्रकार: खेळाचा सर्व्हरच मेला

युबिसॉफ्टचा द क्रू, २०१४ चा. एकट्याने गाडी चालवायलाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि पैसे मोजलेल्यांच्या खात्यांतून पुढे परवानाही काढून घेतला गेला. अशा गेमवर वरचा एकही उपाय चालत नाही, कारण गेमचा अर्धा भाग तुमच्या घरी कधी आलेलाच नसतो. त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या अर्जावरच्या सह्यांनी १० लाखांचा आकडा ओलांडला. मागणी सर्व्हर कायम चालू ठेवा अशी नाही. बंद करताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडा, एवढीच आहे. हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांना नॉकआउट सिटी दाखवावा. २०२३ मध्ये बंद करताना व्हेलन स्टुडिओजने स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती फुकट देऊन टाकली.

चाहत्यांनी सर्व्हरची नक्कल केली की मात्र असा गेमही उठतो. सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये बंद पडला, २०१९ मध्ये चाहत्यांच्या सर्व्हरवर परत आला आणि २०२४ मध्ये त्यातल्या होमकमिंगला मूळ कंपनीने रीतसर परवानगीही दिली. द क्रूसाठीही सप्टेंबर २०२५ मध्ये द क्रू अनलिमिटेड आला. तुमच्या गेमचा असा काही प्रकल्प आहे का शोधा. नसेल तर नवीन विंडोज, व्हीपीएन, जुना ड्रायव्हर यांत रात्री घालवू नका.

ज्यांच्या गेमची बंद व्हायची तारीख जाहीर झालीय पण अजून आलेली नाही, त्यांनी आजच बसा. पूर्ण गेम आणि सगळी अपडेट उतरवून घ्या. दुकान ऑफलाइन इन्स्टॉलर देत असेल तर तो वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. सेव्ह क्लाउडवर असतील तर ते उतरवा, आणि व्हर्च्युअलस्टोअरमध्येही एकदा डोकावा. मग इंटरनेट बंद करून गेम सुरू करा आणि नुसत्या मेनूवर समाधान न मानता एक अख्खी लेव्हल खेळून बघा. मेनू दाखवून पहिल्याच लेव्हलला सर्व्हर शोधणारे गेम आहेत. कुठे अडकला ते लिहून ठेवा, सर्व्हर जिवंत आहे तोवरच ते कुणाला दाखवून उपयोग आहे.